होमस्टे सुरू करताना: घर कुठे संपतं आणि हॉटेल कुठे सुरू होतं?

माडवाडी

आमचं गाव मालवण तालुक्यात, किनाऱ्यालगत. वडिलोपार्जित चिरेबंदी घर, वर मंगलोरी कौलं. भरतीच्या खुणेपासून घर पावलांनी मोजलं तर साधारण १३० मीटर. आई तिथेच राहते, मी डोंबिवलीत. घरातल्या पुढच्या तीन खोल्या मे महिना, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार अशा दिवसांत पर्यटकांना द्यायच्या आहेत. बुकिंग ऑनलाइन पोर्टलवरून. जमलं तर मागच्या माडांच्या वाडीत दोन लाकडी कॉटेज.

कागद असे आहेत. सातबारा सामाईक, अकरा नावं, त्यातली चार मयत. घराचं असेसमेंट, म्हणजे ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंद, अजून आजोबांच्या नावावर. वीजमीटर घरगुती, सिंगल फेज, वडिलांच्या नावावर. विहीर आहे, शोषखड्डा आहे, सेप्टिक टाकी नाही.

ग्रामपंचायतीत चौकशी केली तर म्हणाले व्यावसायिक घरपट्टी लागेल. वायरमन म्हणाला मीटर कमर्शियल करा. शेजारी म्हणतात काही करू नका, आळीत कोणीच करत नाही. नेमकं लागतं काय, कोणत्या क्रमाने करायचं आणि कॉटेजचं काय होईल?

जांभाचिरा

कॉटेजपासून सुरू करतो, कारण पैसे तिथेच बुडतात.

१८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केलेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर ३-अ, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र. त्याहून कमी वस्ती असेल तर ३-ब, तिथे २०० मीटर. मालवण-वेंगुर्ल्याकडची बहुतेक गावं पाहता ३-ब धरून चाला, म्हणजे तुमचं १३० मीटर ना-विकास क्षेत्रात. पण 'धरून चाला' एवढ्यावर पैसे घालू नका. पावलांनी मोजलेलं अंतर कामाचं नाही आणि वाळूवर दिसणारी ओली रेघ म्हणजे कायद्यातली भरतीरेषा नव्हे. ती किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यावर काढलेली असते. १:४००० प्रमाणाचे गावनकाशे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतात, त्यात तुमचा सर्व्हे नंबर शोधा. रेषा गटातून जात असेल आणि वाद असेल तर केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेकडून, उदाहरणार्थ चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या दूरसंवेदन संस्थेकडून, गटाचा नकाशा रेषेसकट करून घ्यावा लागतो. तो स्वस्त नाही, म्हणून आधी फुकटचा नकाशा नीट वाचा.

दुसरं, खाडी विसरू नका. देवबागसारख्या ठिकाणी एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. खाडीलाही भरतीरेषा आहे. २०१९ च्या नियमात खाडीकाठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं कमी असेल ते. पुढून मोकळे झालात म्हणून मागून मोकळे असालच असं नाही.

आता तुमच्या फायद्याचं वाक्य. याच अधिसूचनेत सीआरझेड-३ मधल्या स्थानिकांना, मच्छीमारांसकट, राहत्या घरात 'होम स्टे' चालवायला मुभा दिली आहे. अट एकच, पण तिच्यात सगळं आलं: घराच्या जोत्याचं क्षेत्रफळ, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे तीन खोल्या द्या, आतून फरशी बदला, कौलाखाली लाकडी छत करा, आतल्या आत भिंत घालून न्हाणी काढा. पण पडवी बंद करून चौथी खोली काढली, मागे न्हाणीघरासाठी सहा फूट जोतं वाढवलं, कौलं उतरवून स्लॅब टाकला की ती मुभा गेली. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते त्या मागच्या संडास-बाथरूमपायी. प्रत्येक खोलीला जोडून न्हाणी हवी असते ना! ती खोलीतली जागा कापून बसवा. खोली लहान झाली तरी चालेल.

दोन कॉटेज म्हणजे ना-विकास क्षेत्रात नवं बांधकाम. 'लाकडी आहे, पाया नाही, उचलून नेता येतं' हा युक्तिवाद कोकणात फार ऐकू येतो आणि टिकत नाही. खांबाखाली काँक्रीटचे ठोकळे, खाली ड्रेनेजचा पाइप, वर एसी, यातलं तात्पुरतं काय? तात्पुरत्या पर्यटन सुविधांना भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून जागा ठेवली आहे खरी, पण तीही परवानगी घेऊनच, आणि त्यात शॅक, कपडे बदलायच्या खोल्या, प्रसाधनगृह असलं येतं. राज्याच्या २०२० च्या शॅक धोरणातसुद्धा कुणकेश्वर, तारकर्ली, गुहागर, आरे-वारे, वर्सोली, दिवेआगर, केळवा आणि बोर्डी असे आठच किनारे घेतले होते, आणि शॅक म्हणजे खानपान, मुक्काम नव्हे.

घर जुनं आहे हे सिद्ध करायचा कागद आजच काढून ठेवा. पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. त्याआधीच्या असेसमेंटचा उतारा मिळाला तर घर अधिकृत असल्याचा तो तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. नुसता चालू वर्षाचा उतारा देऊन भागत नाही. जुन्या उताऱ्यावर लांबी-रुंदी आणि छपराचा प्रकार लिहिलेला असतो, तोच पुढे तुमच्या जोत्याचं माप ठरवतो. तक्रार झाली की अधिकारी वर्षावर्षाची उपग्रहचित्रं एकापुढे एक लावून बघतात. माडांच्या झावळ्यांत छप्पर लपतं हा जुना समज आहे.

माडवाडी

म्हणजे कॉटेज विसरायचे. वाडीत कापडी तंबू, जमिनीवर काही न बांधता?

जांभाचिरा

तंबूलाही परवानगी लागतेच. आणि तंबू एकटा येत नाही, त्याच्यामागे शौचालय येतं, ते बांधावं लागतं. २०० मीटरच्या पलीकडे, २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात जमीन असेल तर वेगळा विचार होऊ शकतो. तिथे ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला स्थानिक प्राधिकरण परवानगी देऊ शकतं, राज्याच्या किनारा प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही. पण 'स्वतःचं राहतं' हे शब्द वाचा. त्या नावाखाली दहा खोल्यांचं रिसॉर्ट उभं केलं तर परवानगी असूनही बांधकाम बेकायदा ठरतं.

शिवाय वाडीची जमीन सातबारावर बागायत असेल तर बिनशेती लागेल. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ड ची सोय आहे, पण ती निवासी वापरासाठी. पर्यटकांची कॉटेज म्हणजे निवासी वापर असं महसूलवाले मानत नाहीत. विनापरवाना वापर झाला तर कलम ४५ खाली दंड आणि जमीन पूर्ववत करण्याचा आदेश. सीआरझेडची कारवाई वेगळी, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. तिथला दंड आता १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत जातो. त्यातही खरा फटका बांधकाम पाडण्याचा, आणि तो खर्चही मालकावर.

फेरफार

वरचं सगळं बरोबर, पण अर्ज करायला आधी अर्जदार लागतो. अकरा नावांतली चार मयत, असेसमेंट आजोबांच्या नावाने. या अवस्थेत तुम्ही कोण म्हणून अर्ज करणार? कोकणात होमस्टेचे अर्ज समुद्रामुळे कमी आणि सहहिस्सेदारांमुळे जास्त पडून राहतात.

आधी वारसनोंद. ई-हक्क प्रणालीवरून अर्ज होतो. मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे पत्ते. तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतो. चार मयत असतील तर चारही नोंदी एकदम लावा. त्यात एखाद्याचे वारसही मयत असतात, मग साखळी लांबते. मुंबईतल्या आत्याचं नाव गाळायचा मोह टाळा. ती हरकत घेते तेव्हा नोंद विवादग्रस्त होते आणि तिथून पुढे महिने मोजायचे नसतात.

दुसरं, असेसमेंट. ग्रामपंचायतीत अर्ज, वारसनोंदीचा फेरफार, थकबाकी नसल्याची पावती. मासिक सभेत ठराव होऊन नाव चढतं. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, अर्जावर तसंच लिहा. नाव आईचं लावून घ्या, कारण राहणारी ती आहे. मात्र असेसमेंट म्हणजे मालकी नव्हे. तो कर कोण भरतं याचा कागद आहे.

तिसरं, सहहिस्सेदारांचं संमतीपत्र. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरी करून. त्यात तीन गोष्टी असू द्या: घर क्रमांक अमुक आईच्या वहिवाटीत आहे, त्यातल्या तीन खोल्या पर्यटक-निवासासाठी वापरायला हरकत नाही, आणि यामुळे कोणाचाही जमिनीतला हिस्सा कमी-जास्त होत नाही. शेवटचं वाक्य नसेल तर लोक सही करत नाहीत, आणि त्यांचं चुकतही नाही. सगळे राजी असतील तर एक पाऊल पुढे जाऊन कलम ८५ खाली तहसीलदारांकडून संमतीने वाटप करून घ्या, म्हणजे पुढच्या पिढीला हा धागा पुन्हा काढावा लागणार नाही.

सातबाराच्या इतर हक्कात कुळकायद्याचा कलम ४३ चा शेरा आहे का तेही बघा. तो असेल तर जमीन दुसऱ्याला देण्याचा कुठलाही व्यवहार, भाडेपट्टा धरून, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. स्वतः राहून पाहुणे ठेवणं वेगळं. पण 'मुंबईची एक पार्टी घर चालवायला घेते म्हणते, वर्षाला ठरावीक रक्कम देईल' असला प्रस्ताव आला की हा शेरा आडवा येतो. तसा करार करायचाच झाला तर तो नोंदणीकृत हवा, ११ महिन्यांचा असला तरी. ११ महिन्यांना नोंदणी लागत नाही ही महाराष्ट्रापुरती चुकीची समजूत आहे, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये ते स्पष्ट आहे. आणि घर दुसऱ्याने चालवलं की ते होमस्टे उरत नाही, कारण घरमालकाने तिथे राहणं हाच त्या शब्दाचा अर्थ.

घरपट्टीबद्दल. कर वापरावर ठरतो, म्हणून ग्रामपंचायत व्यावसायिक दर मागू शकते. पण तो भाग पाडून लावायला सांगा. तीन खोल्यांचं क्षेत्रफळ व्यावसायिक, उरलेलं घर निवासी. तुम्ही बोलला नाहीत तर अख्ख्या घराला एकच दर लागतो. खोल्यांची मापं टाकलेला साधा हाती नकाशा अर्जाला जोडा. आकारणी पटली नाही तर लेखी हरकत, मग पंचायत समितीकडे अपील. ना-हरकत दाखल्यावर 'होमस्टे / निवास व न्याहारी' हेच शब्द येऊ द्या, 'लॉजिंग' नको. एक शब्द चुकला की पुढचं प्रत्येक टेबल तोच शब्द उचलतं.

तीनफेज

वायरमनचं म्हणणं अर्धं बरोबर.

वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात घरगुती वर्गातच एक सवलत आहे. राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय असेल, वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. ३६०० ओलांडले की पुढे हा वर्ग बंद, वाणिज्यिक दर.

आता हिशेब करा. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला सरासरी एक ते सव्वा युनिट. रात्री दहा तास धरले तर एका खोलीचे दहा-बारा युनिट. दोन खोल्यांना एसी, वर्षाला १२० रात्री भरल्या, तर २४०० ते २९०० युनिट एसीचेच. गिझर, पंप, फ्रीज आणि आईचं रोजचं धरून ३६०० पार. एसीऐवजी पंखे, कौलाखाली हवा खेळती आणि एकाच खोलीला एसी ठेवला तर घरगुती वर्गात राहता येतं. पण मे महिन्यात ३०० ची मासिक मर्यादा सांभाळणं कठीण, ते लक्षात असू द्या.

मर्यादेत राहणार नसाल तर त्या तीन खोल्यांना स्वतंत्र वाणिज्यिक मीटर घ्या आणि आईचा मीटर घरगुतीच ठेवा. दोन्ही वायरिंग पूर्ण वेगळं हवं. घरगुती मीटरवरून पाहुण्यांच्या खोलीत एक जरी वायर गेली तरी भरारी पथक ते अनधिकृत वापर धरतं. वीज कायद्याचं कलम १२६: लागू दराच्या दुप्पट आकारणी, आणि कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागचे १२ महिने. तात्पुरत्या आकारणीचा आदेश हातात पडला की लेखी हरकत लगेच द्या, कारण ३० दिवसांत अंतिम आदेश निघतो. त्यावर अपील करायचं तर अर्धी रक्कम आधी भरावी लागते. लोक हरकतीची मुदत घालवतात आणि मग आमदाराकडे जातात.

मंजूर भारही बघा. जुन्या घरांना बहुधा एक किलोवॅटच्या आसपास असतो. एक गिझर दोन किलोवॅटचा. भार वाढवून घेण्याआधी मीटर नावावर करा. वडिलांच्या नावाच्या मीटरवर भारवाढीचा अर्ज अडकतो.

अर्थिंगबद्दल कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. जांभ्याच्या कातळात अर्थिंग धरत नाही. उन्हाळ्यात खड्डा सुकतो, आणि पाहुणे नेमके तेव्हाच असतात. पाइप ओलीच्या जागी, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर उतरवा, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) प्रत्येक गिझरच्या लाइनवर. खाऱ्या हवेत प्लगच्या पिना वर्षाभरात हिरव्या पडतात, दर पावसाळ्यानंतर बदला.

जमाखर्च

कर थोडक्यात, कारण तुमच्या आकाराला तो फारसा नाही.

खोलीचं भाडं रात्रीला ७५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के, इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट नाही. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी नको. पोर्टलवरून आलेल्या बुकिंगवर तो कर पोर्टल स्वतः पाहुण्याकडून घेऊन भरतं. थेट फोनवर आलेल्या पाहुण्याला तुम्ही कर लावायचा नाही. नोंदणी नसताना बिलावर 'जीएसटी ५%' छापणारे महाभाग आहेत, तो गुन्हा आहे.

२० लाख पॅनवर मोजले जातात, घरावर नाही. त्याच पॅनवर डोंबिवलीत दुकान असेल तर तीही उलाढाल यात आली. आणि पोर्टल कमिशन कापून जे बँकेत टाकतं ती उलाढाल नव्हे, पाहुण्याने दिलेली पूर्ण रक्कम ती उलाढाल. पोर्टल कापतं तो उद्गम करही (टीडीएस) त्या पूर्ण रकमेवर, ०.१ टक्के. वर्षाला ५ लाखांच्या आत असाल आणि पॅन दिला असेल तर कापत नाहीत. पॅन दिला नाही तर ५ टक्के जातात. आयकरात अनुमानित पद्धतीने उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरता येतो. वह्या ठेवायची कटकट नाही.

असेसमेंट, पर्यटन नोंदणी, पोर्टलचं खातं, बँक खातं आणि पॅन ही पाचही एकाच माणसाची असू द्या. इथे ती आई. तुमच्या नावाने पोर्टल आणि आईच्या नावाने घर असेल तर उत्पन्न कोणाचं यावर नोटीस येते आणि उत्तर देता देता दमछाक होते.

न्याहारी किंवा जेवण देणार म्हणजे अन्न सुरक्षा नोंदणी हवी, ऑनलाइन होते. आणि गॅस: पाहुण्यांच्या स्वयंपाकाला लाल १४.२ किलोचा सिलिंडर वापरणं नियमबाह्य, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तपासणीला आलेला माणूस स्वयंपाकघरात पहिल्यांदा तेच पाहतो.

पुळण

एवढं सगळं करून इथे कोण बसलंय? आमच्या बाजूला साठ-सत्तर घरं पाहुणे घेतात, नोंदणी हाताच्या बोटांवर. पर्यटन खात्याची नोंदणी सक्तीची नाहीच मुळी. सिंधुदुर्ग १९९७ ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा घराघरात पाहुणे ठेवा म्हणून यांनीच सांगितलं, आणि आता कागद मागतात. बिचाऱ्या घरवाल्यांना घाबरवू नका.

फेरफार

घाबरवणं नव्हे. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यामुळे पाहुणे ठेवायचे तर नोंदणी करावीच लागते. आपल्याकडे निवास व न्याहारी ही योजना आहे, हे तुमचं म्हणणं खरं. पण नोंदणी नसली तरी सीआरझेड, वीज, अन्न आणि पोलीस हे चारही कायदे लागू असतातच. नोंदणी नसल्याने त्यातून सुटका होत नाही, उलट आपण होमस्टे आहोत आणि लॉज नाही हे सांगायचा एकमेव सरकारी कागद हातात नसतो. साठ घरांपैकी ज्याच्यावर तक्रार होते ते एकच असतं, आणि तक्रार बहुधा भाऊबंदाचीच असते.

योजनेचे कागद: मालकीचा पुरावा आणि संमतीपत्र, ग्रामपंचायतीचा ना-हरकत, वीजबिल, आधार-पॅन, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, खोल्या-न्हाणी-प्रवेशाचे फोटो. अर्ज पर्यटन संचालनालयाकडे, कोकण विभागाचं कार्यालय नवी मुंबईत. मग पाहणी होते. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेतही मर्यादा सहा खोल्या, बारा खाटांची आणि मालकाचं कुटुंब तिथे राहत असलंच पाहिजे. तुमच्या तीन खोल्या दोन्हीकडे बसतात.

नोंदणी आईच्या नावाने झाली तर राज्याच्या 'आई' धोरणाचाही विचार करा. स्त्रीच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, परत मिळतं. 'परत' म्हणजे आधी हप्ता वेळेवर भरायचा, मग व्याज खात्यात येतं. हप्ता थकला की तेवढा लाभ गेला. आणि पर्यटन संचालनालयाची नोंदणी नसेल तर अर्जच होत नाही, म्हणून पुळण यांना हे खास वाचायला सांगतो.

पुळण

व्याजाचं माहीत नव्हतं. बाकी मत कायम.

लंगर

पोलीस बाजू राहिली. नोंदवहीत नाव, पत्ता, मोबाइल, गाडी नंबर, आल्या-गेल्याची वेळ, सही. खोलीत चार जण असतील तर चौघांची ओळखपत्रं, एकाची घेऊन भागत नाही. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत पुरते, मूळ कार्ड ठेवून घेऊ नका. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची, जुन्या लोकांना तो सी-फॉर्म म्हणून माहीत आहे. त्याचं लॉगिन आधी घेऊन ठेवावं लागतं. पाहुणा दारात उभा असताना ते मिळत नाही. गोव्याहून मोटरसायकलवर वर येणारे एका रात्रीपुरते उतरतात आणि घरवाले नेमके तेव्हाच 'एकच रात्र आहे' म्हणून सोडून देतात. सणासुदीला जिल्हाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली पाहुण्यांची माहिती ठेवण्याचे आदेश काढतात, त्या काळात वही तपासायला येतातच.

जलक्रीडांबद्दल पोर्टलवर काही लिहू नका. पावसाळ्यात २६ मे ते ३१ ऑगस्ट त्या बंद असतात, आणि तुमच्या जाहिरातीत 'वॉटर स्पोर्ट्स' वाचून जूनमध्ये आलेला माणूस पैसे परत मागतो.

माडवाडी

खूपच कामाचं. क्रम कळला: वारसनोंद, असेसमेंट, संमतीपत्र, मग ना-हरकत आणि नोंदणी, त्याबरोबर वीज. कॉटेज रद्द. शेवटचा प्रश्न सेप्टिक टाकीचा. सध्याचा शोषखड्डा विहिरीपासून साधारण ११ मीटर आहे. चालेल?

जांभाचिरा

नाही. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर अंतर आहे, आणि ते साध्या मातीला. जांभ्यात भेगा असतात, पाणी गाळलं न जाता भेगेतून थेट जातं. पुळणीच्या वाळूतही फार भराभर झिरपतं. जागा असेल तर २५-३० मीटर ठेवा आणि खड्डा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला घ्या, चढाच्या नको.

टाकीचं माप: तीन खोल्यांचे सहा ते आठ पाहुणे आणि घरची दोन माणसं, म्हणजे १० वापरकर्ते. दोन वर्षांनी उपसायची असेल तर आतून २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद, पाण्याची खोली १.४ मीटर, वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा. मध्ये आडभिंत, पहिला कप्पा दुसऱ्याच्या दुप्पट लांब. हे काम जोत्याबाहेर जमिनीखाली आहे, तरी सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीला लेखी कळवा. जेसीबी दिसला की तक्रार होते. चिऱ्याने बांधलीत तर आतून सिमेंटचं दोन हाती गिलावं कराच, चिरा पाणी पितो. न्हाणीचं आणि स्वयंपाकाचं पाणी टाकीत सोडू नका, साबणाने जिवाणू मरतात आणि टाकी वर्षात भरते. ते पाणी माडांच्या आळ्यात वळवा.

खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीच्या वर राहायला हवा. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी कुठवर येतं ते आईंना विचारा, त्यांना कड्यावरची खूण माहीत असते. पाणी जमिनीजवळ येत असेल तर खोल खड्ड्याऐवजी उथळ चर घ्या, खडी भरून.

पाण्याचा हिशेबही मे महिन्याचा करा. हॉटेलातल्या एका खाटेला दिवसाला १८० लिटर धरतात. आठ पाहुण्यांना १४४० लिटर, म्हणजे दीड हजाराची टाकी रोज एकदा भरावी लागणार. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून पंपाने सलग उपसा केला की खारं पाणी वर येतं. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास पंप चालवा, मधे विहीर सावरू द्या. चव बदलली की उपसा थांबवा.

लंगर

त्यात एक भर. नवा खड्डा होईपर्यंत आणि नंतर पहिल्या दोन पावसाळ्यांत विहिरीचं पाणी तपासा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे एच-टू-एसच्या, म्हणजे पाण्यातले जिवाणू तपासायच्या, बाटल्या असतात. खुणेपर्यंत पाणी भरून २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवा, काळी पडली तर पाणी पिण्यालायक नाही. मग नमुना उपविभागीय प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल फाइलला लावा. पर्यटनवाले पाहणीला आले की विचारतात.

शुद्धीकरणाला हजार लिटरला ५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर, ३३ टक्के क्लोरिनची. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर साधारण २८ हजार लिटर, म्हणजे १४० ग्रॅम. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि बादली चार-पाच वेळा खालीवर करा. संध्याकाळी टाका, सकाळपर्यंत उपसू नका. पावडरीचं पाकीट उघडं राहिलं की महिनाभरात निकामी होतं. वास गेला असेल तर ती टाकून नवी आणा.